आई नसलेले सिनेमे

प्रिय ताई,

काल तुझी लेक एका सिनेमावर चिडली. साधीसुधी नाही, अगदी तुझ्यासारखी चिडली. थिएटरच्या बाहेर, रिक्षाच्या रांगेत उभं राहून, हात हलवत, मोठ्याने. माणसं वळून बघतायत याची तिला पर्वा नव्हती. ‘बकवास’ने सुरुवात केली आणि मग जी सुटली, ती सुटलीच. मी तिची पर्स धरून उभा होतो आणि मनात एकच होतं, हे ताईला कळवायला पाहिजे.

म्हणून आज लिहितोय. एवढे दिवस लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर ‘सई मजेत आहे’ असं लिहावं लागलं असतं. आणि मी चुकीचं माप लिहीत नाही, हे तुला माहीत आहे. ड्रॉइंगवर नाही, तर तुझ्या पत्रात कसं लिहीन?

आत्ता दुपारची सुट्टी आहे. कारखान्यातले लेथ बंद आहेत, पोरं बाहेर डबे खातायत. वागळे इस्टेटीत एवढी शांतता फक्त याच वेळी मिळते.

ताई, तू गेलीस आणि सई शहाणी झाली. एवढी शहाणी की भीती वाटायची. तुझी सई! जिने पहिलीत असताना सिनेमा संपल्यावर तिकीट तपासणाऱ्याला जाऊन सांगितलेलं, “काका, शेवट चुकलाय.” जी भाजीत मीठ कमी असेल तर पाहुण्यांसमोर ओरडायची. ती मुलगी सगळ्याला ‘छान’ म्हणायला लागली. शाळा कशी चाललीय? छान. मामीने केलेली आमटी? छान. नवा ड्रेस? छान आहे, मामा, थँक्यू.

थँक्यू! भाचीने मामाला थँक्यू म्हणायचं? तू असतीस तर आम्हा दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घातला असतास.

भावोजींना त्यात काही वावगं दिसत नव्हतं. “पोर समजूतदार झाली रे दिगू,” म्हणायचे. समजूतदार? आठवीतलं पोर स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं वागतंय आणि हे म्हणे समजूतदार. पण त्यांना तरी काय बोलणार? ते स्वतःच घरात पाहुण्यासारखे राहत होते. ऑफिस, जेवण, बातम्या. तुझी उशी अजून पलंगावर तुझ्याच बाजूला असते.

मग मीच ठरवलं की हिला बोलतं करायचं. आणि हिला बोलतं करायचं म्हणजे सिनेमा, हे मला कुणी सांगायला नको. तुम्ही दोघी नवा सिनेमा बघून यायचात आणि रिक्षात बसल्यापासून जे भांडण सुरू व्हायचं, ते डोंबिवलीला पोचलं तरी मिटायचं नाही. तुझं बालवाडीतल्या बाईंचं डोकं. पडद्यावर लहान मूल आलं की तू एकच बघायचीस, हे पोर खरं बोलतंय की पाठ करून बोलतंय. सई मात्र गोष्टीच्या मुळावर जायची. “पण आई, तो तिला सरळ फोन का नाही करत?” अर्धे सिनेमे तर तिने याच प्रश्नावर निकालात काढले होते.

तर मी रविवारी कारखाना पोरांवर सोपवून ठाण्याहून डोंबिवलीला जायला लागलो. तिला घ्यायचं, सिनेमा दाखवायचा, काहीतरी खायला घालायचं, घरी सोडायचं. भावोजींना विचारलं तर म्हणाले, “तुम्ही जा. मला नाही जमायचं.” तुझ्याशिवाय थिएटरची पायरी चढणार नाही, असं त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण चढले नाहीत.

पहिल्याच सिनेमात घोळ झाला. मध्यंतराआधी आई गेली. हिरोची. मला काय माहीत? पोस्टरवर तर मोटारसायकल होती! मी अंधारात सईकडे बघितलं. तिचा हात पॉपकॉर्नच्या पुड्यात होता, तो तिथेच राहिला. दिवे लागले तरी तिथेच. बाहेर आल्यावर मी विचारलं, कसा वाटला?

“छान होता, मामा. थँक्यू.”

त्या दिवशी घरी येऊन मी सुषमाला सांगितलं, हे असं पुन्हा होता कामा नये. आमच्याकडे माल बाहेर पाठवण्याआधी गेज लावून बघतात. बसला तर पास, अडकला तर बाद. मग सिनेमालाच का नाही लावायचा गेज? आमची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची आणि नवे सिनेमे लागतात तेही शुक्रवारीच. ठरलं. शुक्रवारी मी एकटा जाऊन आधी बघून यायचं, आणि पास झाला तरच रविवारी सईला न्यायचं.

हस तू. सुषमापण हसली होती. आणि मी कसं काम करतो ते तुला माहीत आहे. मला कुणी काही शिकवलं नाही. ड्रॉइंग वाचायला मी मशीनच्या मागे उभा राहून शिकलो, इंग्रजी पुस्तकं शब्दकोश घेऊन शिकलो, आणि एकदा हात घातला की अर्धं सोडत नाही. आई मरते का? बाद. आई आजारी पडते? बाद. हॉस्पिटल दिसलं? बाद. भिंतीवर हार घातलेला फोटो? बाद. पुढे पुढे तर आई नुसती प्रेमाने जेवायला वाढताना दिसली तरी मी फुली मारायचो. एक सिनेमा कुत्र्याचा होता. म्हटलं, हा तरी सुरक्षित असेल. कुठलं काय! कुत्र्याचीच आई गेली.

मग राहिलं काय? गुंड, गाड्या, परदेशातली लग्नं, पोलीस आणि पुन्हा गाड्या. बरं, मला तेच सिनेमे दोनदा बघावे लागायचे. शुक्रवारी तपासायला आणि रविवारी पहिल्यांदाच बघतोय असं तोंड करून. सुषमा म्हणायची, “माळ्यावरचं सामान काढून द्यायला वेळ नाही, आणि असले सिनेमे दोनदोनदा बघायला आहे! लोकांचे नवरे चोरून दारू पितात, माझा चोरून सिनेमे बघतो.”

आणि रविवारी संध्याकाळी दर वेळी तेच. कसा वाटला, सई? छान होता, मामा.

मला वाटायचं, बघ, काही त्रास झाला नाही ना? म्हणजे माझी पद्धत बरोबर आहे.

दहा दिवसांपूर्वी एक सिनेमा लागला. हिरो लेथवर काम करणारा टर्नर. शिवाय अनाथ. मी शुक्रवारी खुर्चीत बसल्या बसल्या खूश झालो. अनाथ म्हणजे आई सुरुवातीपासूनच नाही, म्हणजे मरायचा प्रश्नच नाही! पास! आता यावर तू काय म्हणाली असतीस ते मला कळतंय. पण तेव्हा नाही कळलं. बाकी सिनेमा म्हणजे काय सांगू! हिरो फुल बाह्यांचा शर्ट घालून लेथवर उभा. गळ्यात मफलर, हातात कडं. अगं, फिरत्या मशीनजवळ मफलर घेऊन गेला तर गळ्याला फास बसेल! आणि लेथमधून ठिणग्या उडतायत. लेथमधून ठिणग्या उडत नाहीत, धातूचा कीस निघतो, हे आमच्याकडे चहा आणणाऱ्यालाही माहीत आहे. मी मनातल्या मनात धुमसत राहिलो. पण आई नव्हती ना त्यात? मग झालं तर.

रविवारी सईला घेऊन गेलो. दारावर तिकीट तपासणारी मुलगी मला बघून हसली.

“काय अंकल, परत? शुक्रवारी आलेलात ना तुम्ही? एवढा भारी आहे का पिक्चर?”

मी म्हटलं, “मी? छे, दुसरं कोणीतरी असेल.”

“नाही हो, तुम्हीच. तुम्ही बाहेर पडताना म्हणालात ना, शर्टाच्या बाह्या दुमडायला सांगा त्याला.”

ताई, ते मी खरंच म्हणालो होतो. राहवलं नव्हतं.

सईने ऐकलं आणि आत चालू लागली.  बाहेर आल्यावर मी नेहमीचा प्रश्न विचारला.

“छा...” म्हणाली आणि थांबली. “मामा, तू शुक्रवारी आलेलास.”

“अगं, तिचा काहीतरी गैरसमज...”

“मामा.”

अगदी तुझा आवाज. मी लहानपणी आपल्या मोहने गावच्या क्वार्टरमध्ये खाऊचा डबा उघडताना सापडायचो तेव्हाचा. मी म्हटलं, “आलेलो.”

“दर वेळी येतोस?”

“हो.”

“वाटलंच मला. तू ना, विनोद व्हायच्या आधी हसतोस. मला आधी वाटायचं, मामाला लवकर कळतं. आणि त्या दिवशी ती आजी चक्कर येऊन पडली तेव्हा तू मला बरोबर पाण्याची बाटली आणायला पाठवलंस. परत आले तर आजी ठणठणीत!” मग तिच्या डोक्यात उजेड पडला. “थांब. म्हणजे आई असलेले सगळे पिक्चर तू काढून टाकतोस?”

मी मान हलवली.

“म्हणून हे असले! अरे यार, मामा! मला वाटत होतं आता पिक्चरच असले निघतात. वर्गातल्या मुली सांगतात हा भारी, तो भारी, आणि मी बघते ते सगळे एक नंबर पकाऊ. मला वाटलं माझंच काहीतरी बिघडलंय. मलाच काही आवडत नाही आता.”

ताई, बघ ना, मी कशापासून वाचवत होतो आणि झालं काय! चांगल्या गोष्टीत आई असणारच. मी आई काढून टाकत गेलो आणि पोरीच्या ताटात नुसता भुसा वाढत राहिलो. वर पोरगी समजत होती की आपलीच चव गेली.

“मग ‘छान’ का म्हणायचीस?” मी विचारलं.

ती चपलेने फरशी घासत राहिली. “तू कारखाना सोडून एवढ्या लांबून यायचास. आणि मी वाईट म्हटलं असतं आणि तू यायचा बंद झाला असतास तर?”

मी म्हटलं, “बरं, मग आजचा कसा होता? खरं सांग.”

“सांगू?”

“सांग.”

“थर्ड क्लास! तो अनाथ आहे ना, मग त्याला लोकांकडे बघून काहीच कसं वाटत नाही? दुसऱ्यांच्या घरी जेवायला बसतो तेव्हा त्यांच्या आईकडे बघत पण नाही. असं नसतं, मामा. माणूस बघतोच. आणि एकटा राहतो म्हणे, मग घरात एवढी भांडी कशी? कोण घासतं? आणि त्याला रडायला कधी येतं, तर पाऊस पडला की! पाऊस नाही पडला तर काय करणार हा?”

“आणि बाह्या!” मी म्हटलं.

“बाह्या काय?”

मग मी बाह्यांचं सांगितलं, मफलरचं सांगितलं, ठिणग्यांचं सांगितलं. तिला हसू आवरेना. आम्ही त्या सिनेमाचा एकेक स्क्रू उघडून ठेवला. ताई, एवढा वाईट सिनेमा काढल्याबद्दल मी त्या दिग्दर्शकाला शाल-नारळ द्यायला तयार आहे.

रिक्षात बसताना तिने हुकूम सोडला. “पुढचा मी निवडणार. तू आधी बघायचा नाहीस. आणि बाबालापण न्यायचं.” तिने निवडलेला सिनेमा कुठला, ते ऐकून मी तिला थांबवायला गेलो. “सई, त्यात आई...”

“मरते. माहितीय. ट्रेलरमध्येच कळतं.”

गेला शुक्रवार मी कसा काढला ते माझं मला माहीत. चप्पल घातली, काढली. सुषमाने शेवटी माळ्यावर चढवलं. “वचन दिलंयस ना पोरीला? मग वर बस आणि पत्र्याच्या पेट्या पूस.” मी पेट्या पुसल्या. दर पेटीगणिक वाटत होतं, नाही झेपलं तिला तर? पुन्हा गप्प झाली तर? एवढ्या मुश्किलीने तोंड उघडलंय पोरीने आणि आपण तिला थेट तिथेच नेऊन बसवतोय, जिथे तिचा हात पुड्यात अडकला होता.

भावोजी तर तयारच होत नव्हते. काल मी घरी पोचलो तेव्हा बनियनवर बसलेले. “दिगू, मला नको रे तो पिक्चर. तुम्ही जाऊन या.”

“बाबा, घरी बसून काय करणारेस? बातम्याच बघणार ना?” सई म्हणाली. “त्या संध्याकाळी पण त्याच असतात.”

ते तिच्याकडे बघतच राहिले. कितीतरी दिवसांनी तिने त्यांना टोमणा मारला होता. उठले आणि तू घेतलेला तो निळा शर्ट घालून आले.

सिनेमात मी पडद्यापेक्षा शेजारीच जास्त बघत होतो. मध्ये सई, दोन्ही बाजूंना आम्ही, पहाऱ्यावर बसल्यासारखे. आणि तो प्रसंग आला. आई पलंगावर. इस्त्रीची साडी, उशीवर नीट पसरलेले केस, कपाळावर टिकली जागच्या जागी. खिडकीबाहेर डोंगर. मुलगी पायाशी बसलेली. आणि ती आई बोलायला लागली. खंबीर हो, माझ्यामागे रडायचं नाही, तुझ्या प्रत्येक वाढदिवसाला मी वाऱ्याची झुळूक होऊन येईन, असं बराच वेळ. वाक्य पूर्ण झालं, तेव्हाच डोळे मिटले. व्हायोलिन सुरू.

भावोजींनी चष्मा काढला. माझी खुर्चीच्या दांडीवरची पकड सुटेना. आणि मधून आवाज आला.

“श्शी!”

पुढच्या रांगेतल्या बाईंनी डोळे पुसता पुसता मागे वळून बघितलं. तुझी लेक पॉपकॉर्न खात होती.

बाहेर आलो आणि रिक्षाच्या रांगेत ती सुटली, ते मी वर सांगितलंच. “बकवास! महाबकवास! मरताना कोणी एवढं बोलतं का? दम लागतो माणसाला! आणि केस? आईचे केस उशीला घासून मागे गुंता झालेला, तो मी सोडवायचे. हिचे बघा, पार्लरमधून आल्यासारखे. आणि ही चिडत कशी नाही कोणावर? आई तर सगळ्यांवर चिडायची. पंख्यावर चिडायची!”

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. ताई, तू गेल्यापासून सई आमच्यासमोर तुझ्याबद्दल पहिल्यांदाच बोलली होती.

मग तिचा आवाज उतरला. “आणि सगळ्या पिक्चरमधल्या आया काहीतरी सांगून जातात. माझी आई काहीच नाही सांगून गेली. ती त्या दिवशी म्हणाली, पंखा बंद कर. मी केला. मग म्हणाली, चालू कर. मी म्हटलं, आई, आधी ठरव! मग ती हसली आणि मी शाळेत गेले. बस. एवढंच. मला वाटायचं, मी तसं बोलले नसते, थांबले असते, तर तिने मलापण काहीतरी सांगितलं असतं. मोठ्ठं काहीतरी.”

रांग पुढे सरकली, आम्ही तिघं तिथेच. मागचा माणूस आम्हाला ओलांडून पुढे गेला.

 खरं सांगू? याच गोष्टीचा मलाही तुझ्यावर राग होता. आईनंतर मला तूच वाढवलंस, आणि जाताना एक शब्द सांगून गेली नाहीस! काय बिघडलं असतं तुझं?

बोलले ते भावोजी. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्या माणसाला बोलताना बघितलं.

“सई, मला शेवटचं काय म्हणाली माहितीय? गॅसची नळी जुनी झालीय, बदला. मी पण वाट बघत होतो, पुढे काहीतरी बोलेल. तर म्हणाली, आणि आयएसआय मार्क बघून घ्या.”

सई त्यांच्याकडे बघत राहिली. “बदललीस?”

“दुसऱ्याच आठवड्यात. मार्क बघून.”

मग दोघं माझ्याकडे बघायला लागले. म्हणजे मलाही सांगणं भाग होतं. ताई, तुला आठवतं? मी तुझ्या पलंगाशेजारी बसलो होतो आणि तू माझ्याकडे टक लावून बघत होतीस. मला वाटलं, आता बोलेल, मनातलं काहीतरी सांगेल. मी पुढे वाकलो. आणि तू म्हणालीस, “दिग्या, कॉलर आत गेलीय तुझी.” आणि हात उचलायला गेलीस, तो पोचला नाही. मग मीच सरळ केली.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सुषमालाही नाही. काल रिक्षाच्या रांगेत सांगितलं.

आधी हसलं कोण, आठवत नाही. भावोजी असावेत. नळी, कॉलर आणि पंखा! तुझा अख्खा निरोप! आम्ही तिघं भर रस्त्यात हसत होतो आणि डोळे पुसत होतो. सई मध्येच म्हणाली, “मग हेच दाखवायला पाहिजे ना पिक्चरमध्ये! आई म्हणते, नळी बदला. संपलं. लोकांना कळेल की. लोक काय मूर्ख आहेत?”

तेरा वर्षांची पोर, ताई. मी एवढे सिनेमे दोनदोनदा बघितले, मला हे कळलं नव्हतं.

शेवटी रिक्षा मिळाली. आणि रिक्षात भांडण पेटलं, अगदी तुमच्या दोघींसारखं. विषय एकच. हा सिनेमा तुला आवडला असता का? भावोजी म्हणाले, तिला आवडला असता, ती रडली असती. मी म्हटलं, अहो, काय सांगताय? ती मध्यंतरालाच उठून चालू पडली असती. त्या व्हायोलिनवर तर तिने चप्पल फेकली असती. सई म्हणाली, तुम्हा दोघांना काही माहीत नाही. आई आधी रडली असती आणि मग बाहेर येऊन शिव्या घातल्या असत्या. भावोजी म्हणाले, तुझी आई शिव्या देत नव्हती. सई म्हणाली, बाबा, तू रिक्षात नसायचास!

रिक्षावाला आरशातून बघत होता. मानपाड्याच्या सिग्नलला थांबल्यावर त्याला राहवलं नाही.

“साहेब, एवढं भांडताय कशाला? बाईंनाच फोन लावून विचारा ना, आवडला असता की नसता.”

 सिग्नल लाल. मी सईचा हात धरायला गेलो.

“काका,” ती म्हणाली, “तिकडे रेंज नाही.”

आणि स्वतःच सगळ्यात आधी खिदळली. तो बिचारा मागे वळून आमच्या तिघांच्या तोंडाकडे बघत राहिला. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले तरी त्याला कळलं नाही की सिग्नल सुटलाय.

तर ताई, अशी खबर आहे. तू काही मोठं सांगून गेली नाहीस, त्याचा राग आता मी सोडला. आणि तुला एक वचन देतो. माणूस म्हणून मी कसा का असेना, शब्दाला पक्का आहे, हे तूच सगळ्यांना सांगायचीस. यापुढे मी सईच्या पुढे जाऊन रस्ता झाडून ठेवणार नाही. तिला वाईट सिनेमा बघावा लागला तर लागू दे. रडवणारा लागला तर लागू दे. मी शेजारच्या खुर्चीत असेन आणि पुढे काय होणार ते मलाही माहीत नसेल. आणि ती ‘छान होता’ म्हणाली, तर ‘छान म्हणजे काय गं, नीट सांग’ असं विचारल्याशिवाय तिला घरी सोडणार नाही. मला तिचं मत पटलं नाही तर भांडेन. हरलो तर हरलो असं कबूल करेन. तुझ्याशी कधी केलं नाही, तिच्याशी करेन.

पोरं आत यायला लागली, आता मशीन चालू होतील. पुढच्या रविवारचा सिनेमा भावोजींनी निवडलाय. नाव ऐकूनच सई म्हणाली, “बाबा, सिरियसली?”

तुझाच,
दिग्या